पोळलेल्या चेहऱ्याची खोड काढू नका

प्रश्न : डॉक्टर, मी मंगळवार पेठेत राहते, वय २९. धाकट्या भावाचं लग्न दहा दिवसांवर आलंय आणि मी करवली. गेल्या शनिवारी गल्लीतल्याच पार्लरमध्ये ब्लीच, डी-टॅन आणि फ्रूट फेशियल असं पॅकेज केलं, सोबत आयब्रो आणि अपरलिप. ब्लीच लावल्यावर आग होत होती. पार्लरवाली म्हणाली, "चुणचुणणारच, म्हणजे काम करतंय." रविवारी चेहरा लालबुंद. सोमवारी रात्री खाज सुटली, गालांवर आणि जबड्याखाली बारीक पुरळ आलं आणि मंगळवारी सकाळी डोळ्यांखाली सूज. ती म्हणते, आतली घाण बाहेर पडतेय, पडू दे. बर्फ, कोरफड, मुलतानी माती, सगळं करून झालं. मेडिकलवाल्यानं एक ट्यूब दिलीय. ती लावली की दोन तासांत बरं वाटतं, नाही लावली की परत लाल. आता वरच्या ओठावर काळपट पट्टा दिसायला लागलाय. सहा महिन्यांपूर्वी हेच फेशियल केलं होतं, तेव्हा काहीही झालं नव्हतं. सासूबाई म्हणतात हळद-चंदनाचा लेप लाव. ट्यूब चालू ठेवू का? डाग कायमचे राहतील का? लग्नात मेकअप करता येईल का? आणि मटण बंद करू का? उष्ण पडतं म्हणतात सगळे.

उत्तर : ट्यूब बंद. मुलतानी माती, कोरफड, लेप, सगळं बंद. एवढं तुम्हाला पत्र मिळाल्या दिवशीच कळवलं होतं. इथे सविस्तर लिहितेय, कारण लग्नसराई सुरू झाली की असे चेहरे माझ्याकडे रांगेनं येतात आणि त्यातल्या निम्म्याजणी फेशियलनं कमी आणि नंतरच्या उपायांनी जास्त पोळलेल्या असतात.

चेहरा पाहिल्याशिवाय पक्कं निदान कुणी करू नये, मीही करणार नाही. पण तुम्ही पत्रात वार नीट लिहिलेत, आणि ते बरंच काही सांगून जातात. शनिवारी ब्लीच लावताक्षणी आग झाली. ही ॲलर्जी नव्हे, हे सरळसरळ पोळणं आहे. ब्लीचच्या क्रीममध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड असतं आणि सोबतचा ॲक्टिव्हेटर घातला की ते मिश्रण अल्कधर्मी होऊन जोरात कामाला लागतं. आपली त्वचा मूळची किंचित आम्लधर्मी. तिला हे मिश्रण झोंबणारच. ॲक्टिव्हेटर चिमूटभर जास्त पडला, पाच मिनिटं जास्त ठेवलं, की ते केसांचा रंग उडवायचं सोडून कातडीच्या मागे लागतं. (ब्लीचनं माणूस गोरा होत नाही, तोंडावरची लव सोनेरी होते आणि आपल्याला उजळल्यासारखं वाटतं. गोरं होण्याच्या हौसेवर माझं मत वेगळं आहे, ते पुन्हा कधीतरी.)

आता पुढचा क्रम बघा. ब्लीचनं आधीच दुखावलेल्या त्वचेवर डी-टॅन, मग स्क्रबनं घासणं, वाफ, मालीश, वर पॅक. आणि शेवटी त्याच ओठावर दोरा. त्वचेचा सगळ्यात वरचा राखणदार थर कागदापेक्षाही पातळ असतो. आतलं पाणी धरून ठेवणं आणि बाहेरचं आत येऊ न देणं, ही दोन्ही कामं तो एकटा करतो. एका संध्याकाळी एवढी खरवड झाल्यावर त्यानं दार धरून उभं राहायचं तरी किती? तुमच्या ओठावरच काळपट पट्टा का आला, त्याचं उत्तर बहुतेक यातच आहे. ब्लीच आणि दोरा दोन्ही तिथेच पडले.

सोमवार रात्रीची गोष्ट मात्र निराळी. दोन दिवस उलटल्यावर खाज सुटते, पुरळ येतं आणि जिथे क्रीम जेमतेम लागलं असेल त्या जबड्याखाली आणि पापण्यांवरही ते पसरतं, ही ॲलर्जीची चाल. पोळण्यात आग जास्त आणि खाज कमी, ॲलर्जीत खाज जास्त. तुमच्याकडे दोन्ही दुखणी एकावर एक बसलेली दिसतात.

"सहा महिन्यांपूर्वी काहीच झालं नव्हतं" हे वाक्य मी आठवड्यातून चारदा तरी ऐकते आणि प्रत्येकीला तो ॲलर्जी नसल्याचा पुरावा वाटतो. खरं तर उलट आहे. कुस्तीत पहिल्यांदा गाठ पडलेले मल्ल आधी खडाखडी करतात, एकमेकांचा अंदाज घेतात. शरीराचंही तसंच असतं. नवीन रसायन पहिल्यांदा लागतं तेव्हा नुसती ओळख होते, वर काही दिसत नाही. पुढच्या गाठीला शरीर ओळखतं आणि एक-दोन दिवसांत तुटून पडतं. काहींना दहा वर्षं वापरलेल्या वस्तूची ॲलर्जी अकराव्या वर्षी होते. एकदा झाली की ती साधारण जन्माची सोबतीण. म्हणून नेमकं कशानं झालं हे शोधणं महत्त्वाचं. संशयितांत सुगंध पहिल्या रांगेत आणि क्रीम टिकावं म्हणून घातलेले पदार्थ त्याच्या शेजारी. डबीवर पपईचं चित्र आहे म्हणून आत निव्वळ पपईच असेल असं धरून चालू नका. आणि जे खरंच निसर्गातलं असतं तेही गरीब असतंच असं नाही. चेहऱ्याच्या कातडीची सालं काढायला वापरतात ते ग्लायकोलिक आम्ल आपल्या उसाच्या रसातही असतं. म्हणून काही ते निरुपद्रवी ठरत नाही.

"आतली घाण बाहेर पडतेय" हे मला फार खटकतं. चेहऱ्याच्या कातडीखाली घाणीचं कोठार नसतं. शरीरातला नको तो माल बाहेर टाकायला यकृत आणि मूत्रपिंडं आहेत. मुरुमांची काही औषधं सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत दबलेले मुरूम वर येतात, हे खरं. त्यालाच हल्ली "पर्जिंग" म्हणतात आणि तोच शब्द उचलून सगळीकडे चिकटवला जातो. सुजलेले डोळे, खाज आणि सोलवटलेला ओठ हे पर्जिंग नव्हे. आग होत असताना क्रीम धुऊन टाकायला हवं होतं. "काम करतंय" म्हणून ठेवायचं नव्हतं.

आता ती ट्यूब. तुम्ही नाव कळवलं नाहीत, पण वर्णनावरून मला ती डोळ्यांसमोर दिसतेय. खोक्यावरची बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन असं काही असेल तर ते स्टिरॉइड आहे. पुष्कळदा त्याच ट्यूबमध्ये बुरशीचं एक आणि जंतूंचं एक अशी आणखी दोन औषधं असतात, म्हणजे रोग कळला नाही तरी एखादा बाण लागेलच. त्यातलं निओमायसिन तर स्वतःच ॲलर्जी करण्यात नावाजलेलं. म्हणजे आग विझवायला आणलेल्या घागरीतच रॉकेल.

गैरसमज नको. स्टिरॉइड हे विष नाही, तुमच्यासारख्या ॲलर्जीवर ते योग्य औषध आहे आणि तुम्हाला तपासल्यावर कदाचित मीही लिहून देईन. पण चेहऱ्यासाठी सौम्य जातीचं, मोजून तीन ते पाच दिवस, बोटावर घ्यायचं ते किती आणि डोळ्यांच्या किती जवळ न्यायचं हे सांगून. पापणीपाशी कदाचित स्टिरॉइड टाळून दुसरंच काही देईन. क्लोबेटासोल हे सगळ्यात जहाल गटातलं, ते तळहात-तळपायाच्या जाड कातडीला शोभतं. ते चेहऱ्यावर आठवडेच्या आठवडे लावलं तर कातडी पातळ होते, लाल शिरांचं जाळं दिसू लागतं, पुळ्या येतात, लव वाढते आणि उन्हात पाऊल टाकलं की चेहरा पेटतो. मग ट्यूब सोडली की लाल आणि लावली की बरं, या फेऱ्यात माणूस अडकतो. अशा बायका मी पाहते. कुणी लग्नाआधी "आठ दिवसांपुरती" सुरू केलेली असते आणि कडेवर पोर आलं तरी सुटलेली नसते. २०१८ साली केंद्र सरकारनं अशी १४ स्टिरॉइड क्रीमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरी काउंटरवर नुसतं तोंड दाखवलं की ती मिळतात. तुम्ही तीन-चार दिवसच लावलीत, एवढ्यात सवय लागत नाही. लगेच थांबवा, एक-दोन दिवस जरा जास्त लाल दिसेल, घाबरू नका.

पार्लरमधून उद्या बिननावाची डबी आली, "ही नाइट क्रीम लाव, डाग जातील" म्हणून, तर ती उघडूही नका. अशा काही डब्यांत पारा सापडलेला आहे. २०२३ साली केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात गोरेपणाच्या क्रीममुळे मूत्रपिंडांचा आजार झालेले रुग्ण डॉक्टरांना आढळले. चेहऱ्यावर चोपडलेलं चेहऱ्यापुरतंच राहतं, असं नाही.

मग करायचं काय? फारच थोडं, आणि तेच अवघड जातं. सकाळ-संध्याकाळ गार पाण्यानं चेहरा धुवा, साबण आणि फेसवॉश न लावता. या दिवसांत दुपारी टाकीचं पाणी कढत येतं, तेव्हा माठातलं घ्या. धुतलेला मऊ मलमलीचा तुकडा गार पाण्यात बुडवून, पिळून, दहा मिनिटं गालांवर ठेवा, दिवसातून तीन-चार वेळा. बर्फ थेट फिरवू नका, पोळलेल्या कातडीला थंडीनंही इजा होते. मग चेहरा टिपा, पुसू नका, आणि ओलसर असतानाच साधी पेट्रोलियम जेली अगदी पातळ लावा. बिनवासाची, बिनरंगाची, हिवाळ्यात आजी टाचांना लावायची तीच. महागड्या "रिपेअर सीरम"पेक्षा या घडीला ती बरी, कारण तिच्यात भांडण करायला काही नसतंच. मात्र कुठे पाणी सुटत असेल तर तिथे जेली नको, फक्त गार पट्ट्या, आणि डॉक्टरांना दाखवा. खाजेनं झोप येत नसेल तर रात्री सेटिरिझिन १० मिलिग्रॅमची एक गोळी चालते. दिवस गेलेले असतील, बाळ अंगावर पीत असेल, मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा दुसरी औषधं चालू असतील तर आधी विचारा. गोळी घेऊन गाडी चालवू नका.

व्हिटॅमिन सी, रेटिनॉल, सॅलिसिलिकचं फेसवॉश, गुलाबपाणी, बेसन, लिंबू, टूथपेस्ट, हे सगळं किमान तीन आठवडे कपाटात. लिंबाचं मुद्दाम सांगते. रस लावून उन्हात गेलं की त्या जागी फोड येऊन काळे चट्टे पडू शकतात. ताज्या कोरफडीच्या पातीतून निघणारा पिवळा चीकही झोंबतो. तुम्ही पात कापून थेट घासली असेल तर त्यानं आगीत भरच पडली असेल. आणि सासूबाईंना माझ्या वतीनं सांगा, लेप चांगलाच, पण तो धडधाकट चेहऱ्यावर. हळदीची आणि चंदनाचीही ॲलर्जी होते आणि साल निघालेल्या कातडीत ती आत शिरायला वेळ लागत नाही. हळदी समारंभात हळद हातापायांना लावून घ्या. करवलीचा मान त्यानं कमी होत नाही.

काही खुणा दिसल्या तर मात्र घरी थांबायचं नाही. ओठ किंवा जीभ सुजली, घसा आवळला, श्वास लागला तर १०८ ला फोन, तिथे माझ्या सदराची वाट बघू नका. मोठे फोड, मधाच्या रंगाच्या खपल्या, पू, ताप, किंवा ओठाजवळ दुखऱ्या बारीक फोडांचा घोस ही जंतूंची किंवा नागिणीच्या जातभाईची चाहूल असते आणि तिचं औषध वेगळं. ब्लीच डोळ्यात गेलं असेल आणि अजून टोचत असेल, धूसर दिसत असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. (ब्लीच डोळ्यात जाताक्षणी पंधरा-वीस मिनिटं नळाखाली धुवायचं असतं, लक्षात ठेवा.) तुमची सूज अजून उतरली नसेल तर उद्याच कुणालातरी दाखवा. खासगीत जमत नसेल तर कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात त्वचारोगाची ओपीडी आहे. तिथे रांग असते, पण चेहरा नीट बघितला जातो.

डाग. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी भारी तरतरीत. कुठे जरा सूज आली, खरचटलं, की त्या रंग ओततात. डास चावल्याचा काळा ठिपका महिनाभर राहतो ना, तसंच हे. बहुतेक वेळा ते विरतं, पण आठवड्यांत नव्हे, महिन्यांत. तीन धरा, सहाही लागू शकतात. हा पट्टा लग्नापर्यंत जाणार नाही, हे आताच मनाशी धरा, म्हणजे तो घालवायच्या नादानं परत ब्लीचकडे वळणार नाही. सालं निघायची थांबली आणि पाण्यानं झोंबेनासं झालं की एसपीएफ ३० किंवा वरचं, झिंक ऑक्साइडचं, बिनवासाचं सनस्क्रीन सुरू करा. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं, उन्हात असाल तर दोन-तीन तासांनी परत. रंगाची छटा असलेलं मिळालं तर आणखी चांगलं. त्यातलं आयर्न ऑक्साइड दिसणारा प्रकाशही अडवतं, आणि काळेपणा वाढवण्यात तोही सामील असतो. गाडीवर बांधता तो स्कार्फ सुती आणि सैल असू दे. डोळे सोडून सगळं आवळून बांधायची आपल्याकडची पद्धत उन्हाला बरी, पण ताज्या कातडीला तो रोजचा स्क्रबच.

मेकअपचं उत्तर दिवसावर नाही, चेहऱ्यावर अवलंबून. लग्नाच्या तीन दिवस आधी नुसतं पाणी मारून बघा. झोंबलं तर बेस लावायचा नाही, काजळ, लिपस्टिक, नथ आणि पैठणी एवढ्यात करवली छान दिसते. नाही झोंबलं तर स्वतःच्या जुन्या, आधी कधी न बाधलेल्या वस्तू, पातळ थरात. मेकअपवालीच्या पेटीतलं काहीही नको, ती कितीही नावाजलेली असो. तिचे ब्रश दहा चेहऱ्यांवरून आलेले असतात. रात्री वाइप्सनं घासू नका, जेलीनं पुसून गार पाण्यानं धुवा. आणि लग्नाआधी केसांना रंग लावायचं डोक्यात असेल तर ते तेवढं काढून टाका, हेअर डायमधलं पीपीडी नावाचं रसायन हे ॲलर्जीच्या दुनियेतलं बडं प्रस्थ आहे. लग्नानंतर नवरा-नवरीला घेऊन जोतिबाला जाल, तिथे गुलालात न्हाल. जा, पण चेहऱ्यावर जेलीचा थर लावून, तोंडाला ओढणी घेऊन, आणि उतरल्यावर लगेच धुऊन.

राहिली पार्लरवाली. तुम्ही लिहिलंत, "गल्लीतलीच आहे, तोंड वाजवायला नको वाटतं." वाजवू नका. पण तिच्याकडे जाऊन त्या दिवशी वापरलेल्या प्रत्येक वस्तूच्या खोक्याचा, मागच्या बारीक अक्षरांसकट, मोबाइलवर फोटो काढून आणा. चेहरा शांत झाल्यावर, दोनेक महिन्यांनी, पॅच टेस्ट करता येते. पाठीवर संशयित पदार्थांच्या पट्ट्या लावायच्या, ४८ तासांनी काढून बघायच्या आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा बघायच्या. तेव्हा हेच फोटो कामाला येतील, नाहीतर आम्ही अंधारात तीर मारणार. खोकंच नाही, सुटं क्रीम आहे, असं ती म्हणाली तर तुमचं तिथलं शेवटचं फेशियल झालेलं आहे. सुट्या, लेबल नसलेल्या मालाची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते, करायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. तिचंही पूर्ण चुकलं असं मी म्हणणार नाही. चार दिवसांचा कोर्स, वर गिऱ्हाईकांची "आजच गोरं करून दे"ची घाई. ॲलर्जी तिला आधी ओळखता आली नसती, पण आग होतेय म्हटल्यावर हात थांबवता आला असता.

पुढे कधी फेशियल करावंसं वाटलंच, आणि वाटेल, तर कार्याच्या महिनाभर आधी करा. ब्लीच, साल काढणं आणि दोरा एका दिवशी नकोत. नवीन क्रीम आधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेत आठवडाभर सकाळ-संध्याकाळ लावून बघा. एकदाच लावून दुसऱ्या दिवशी "काही झालं नाही" म्हणणं पुरत नाही, तुमचीच सोमवारची रात्र आठवा. ब्लीचसारखं धुऊन टाकायचं असेल ते सांगितलं तेवढाच वेळ ठेवून धुवा आणि दोन दिवस वाट बघा.

आणि मटण. खा. ही ॲलर्जी कातडीला बाहेरून लागलेल्या वस्तूची आहे, ताटातल्या वाटीची नाही. तांबडा रस्सा झणझणीत आणि कढत प्यालात तर तासभर चेहरा लाल होईल, कारण रक्तवाहिन्या फुलतात. अजून आग होत असेल तर चार दिवस पांढऱ्यावर भागवा. लग्नघरात मसाला कुटायला, मिरच्या चिरायला तेवढं बसू नका, आणि बसलातच तर त्या हातानं घाम पुसू नका.